वायसर नवं पाहिजे, ताई

काका सकाळी जीपजवळ आले की आधी गुडघे टेकत, गाल जवळजवळ जमिनीला लावत आणि गाडीखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद हळूच बाहेर ओढत. कागद कोरडा असला की म्हणत, "हव, चाला." तेलाचा एक डाग दिसला, तर साहेब पोर्चमध्ये येऊन उभे राहिले तरी किल्ली फिरवत नसत.

नवं राज्य झालं तेव्हा आमच्या ऑफिसच्या वाटणीला काही जुनी टेबलं, दोन कपाटं, एक डिझेल जीप आणि जीपसोबत हे ड्रायव्हर आले. रायपूर राजधानी झालं होतं. रोज कुठल्या ना कुठल्या इमारतीवर नवी पाटी चढत होती. मी वाहन शाखेत क्लार्क होते. आमचं मूळ अमरावतीकडचं, त्यांचंही. बाकी सगळं ऑफिस हिंदीत बोलायचं. माझ्या टेबलाशी आले की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा.

"ताई, ऑइल बदललं की वायसर नवं पाहिजे."

वायसर म्हणजे तांब्याची एक लहानशी चकती. इंजिनखाली जुनं तेल काढायचा नट असतो, त्याला ती बसते. एकदा दाबली गेली की चपटी होते. तीच पुन्हा लावली तर तेल झिरपतं. हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं होतं की मी झोपेतही सांगितलं असतं. मंजूर वस्तूंच्या यादीत तेल होतं, फिल्टर होता, वायसर नव्हतं. ते चढवायला एक नोटशीट लिहावी लागली असती. मी ती कधी लिहिली नाही. मग काकाच सायकलने बाजारात जात आणि वायसर कागदात गुंडाळून आणत.

ऑफिसात त्यांचं नाव पडलं वायसरकाका. अशा माणसाचं ऑफिसात काय होतं, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्यातल्या कुणीतरी गाडीखालच्या कागदावर गुपचूप जळकं तेल ओतलं. काका तीन तास जीपखाली होते. आम्ही व्हरांड्यात पंख्याखाली उभे राहून पाहत होतो.

"काका, मिला क्या?"

"नहीं भैया, देख रहा हूँ."

शेवटी कुणाला तरी हसू आवरेना, त्याने सांगून टाकलं. काका बाहेर आले. कोपरं सोलली होती, पाठ मातीने भरली होती. माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं झालं ताई. मले वाटलं, खरंच गळून राहिली." सगळे पुन्हा हसले. मीही हसले.

पुढच्या खेपेला ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा काका बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. गाडी बाहेरच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे जुनंच वायसर लावलं, आणि तेल गळायला लागलं तसा नट आवळत गेले. काका रजेवरून परतले त्या सकाळी गाडीखाली पाहून थेट माझ्या टेबलाशी आले.

"ताई, नटाचे आटे गेले. हातानं हलून राहिला. गाडी रोडवर काढू नका."

"आज साहेबांचा दौरा आहे, काका."

"म्हणून तर म्हणतो. लिहून देऊ?"

त्यांनी उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. साहेब मघाशीच मला म्हणाले होते, "आज उस ड्राइवर का कोई कागज़ मेरे पास मत लाना." मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि काकांना सांगितलं, "पाठवते."

पुढचं मला सोबत गेलेल्या शिपायाने सांगितलं. बिलासपूरच्या रस्त्यावर तेलाचा लाल दिवा लागला. काकांनी गाडी बाजूला घेतली, खाली वाकून पाहिलं. नट कुठेतरी मागेच पडला होता.

"सर, तेल पूरा गिर गया. चलाएँगे तो इंजन बैठ जाएगा."

"बत्ती ही तो जली है. मीटिंग है मेरी. चलाते हो, कि कल से घर बैठना है?"

काकांनी चालवली. थोड्याच अंतरावर इंजिन खडखडलं आणि कायमचं बसलं.

चौकशी झाली. ड्रायव्हरने लेखी कळवलं होतं का, एवढाच प्रश्न मला होता. समोर साहेब बसले होते. माझ्या बढतीची फाईल त्यांच्याकडे होती, हेही सांगून टाकते.

"नहीं सर," मी म्हटलं. "मेरे पास कुछ नहीं आया."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चौकशी अधिकाऱ्याला म्हणाले, "लिखने का सोचा था सर. रह गया होगा." बाहेर आल्यावर हळूच मला म्हणाले, "टेन्शन नका घेऊ ताई. तुमची लेकरं लहान आहेत."

तो अर्ज मी त्याच आठवड्यात फाडला. बढती झाली.

काकांकडून गाडी काढून घेतली. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं ते साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. घंटी वाजली की उठायचं, नवी गाडी पोर्चला लागली की धावत जाऊन दार उघडायचं. दार उघडताना नजर आपोआप चाकांखाली जायची. साहेब एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "नीचे क्या देखता है? अब तेरी गाड़ी नहीं है." तेव्हापासून काका मान ताठ ठेवून दार उघडत. निवृत्तीच्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, म्हणून निरोप समारंभ पुढे ढकलला. तो झालाच नाही.

वर्षभरात ते गेले. पेन्शनच्या कागदावर त्यांच्या बायकोची सही हवी होती. मला मराठी येतं म्हणून मलाच पाठवलं. पुरानी बस्तीत, एका गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या.

"तुमीच का त्या ताई? हे नेहमी म्हणत, ऑफिसात आपलं माणूस एकच हाय."

सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. मी कागदावर बोट ठेवून सही कुठे करायची ते दाखवलं. त्यांनी चहा केला, तो मी घेतला. निघताना त्यांनी डबा उघडून पिशवीभर कुरड्या माझ्या हातात दिल्या.

"त्यांच्यासाठी घातल्या होत्या. आता कोण खाते?"

संध्याकाळी मी त्या तळल्या. छान फुलल्या. मुलांनी आणखी मागितल्या.