लॉरेनबाईंची तिसरी सुनावणी

लॉरेन पिएत्रोव्स्की या वकीलबाईंच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं टायपिंग केलं. घटस्फोट आणि मुलांचा ताबा, हे त्यांचं काम. राज्यपालांनी न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलं, तसं बाईंनी नियमाप्रमाणे नवे खटले घेणं थांबवलं. राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह म्हणजे सिनेट, त्याच्या समितीपुढे जाहीर सुनावणी झाली. नवरा टेड रजा काढून मागच्या खुर्चीत बसला. घरचं माणूस मागे दिसलं की उमेदवार सज्जन ठरतो. सगळ्यांनी कौतुक केलं आणि कागद अडला.

आमच्या राज्यात रीतच आहे. उमेदवार ज्या जिल्ह्यातला, तिथल्या सिनेटरची सही नसेल तर नाव मतदानाला जात नाही. सही का नाही, हे विचारायचं नसतं. नवस का फळला नाही, हे देव कधीतरी उमजू देतो. आमच्या जिल्ह्याचे सिनेटर हॅल्पिनसाहेब, त्यांचं तसं नव्हतं.

सिनेटचं सत्र संपलं, तसं नाव बाद झालं. पुन्हा सुचवलं, पुन्हा सुनावणी. सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी लाल दिव्याला गाडी पुढे काढली होती, त्यावर वीस मिनिटं चर्चा. इकडे जुने खटले मिटत गेले आणि कचेरीतला फोन वाजेनासा झाला.

मग समितीला साक्षात्कार झाला. उशिरामुळे लोकांच्या मनात शंका आहे म्हणे, तेव्हा आणखी एक जाहीर सुनावणी हवी.

टेड म्हणाला, "जा गं. नाही गेलीस तर म्हणतील, काहीतरी लपवतेय."

"आणि गेले तर म्हणतील, तीनदा बोलवावं लागलं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

तरी गेल्या. लाल दिव्याचा विषय पुन्हा निघाला. हॅल्पिनसाहेब समितीतच बसून पेपरमिंट चघळत होते. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का.

"हो," बाई म्हणाल्या. "मी तीनदा उत्तरं दिली. मला का अडवलंय, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मात्र कुणी एकही प्रश्न विचारला नाही. हॅल्पिनसाहेब, या खुर्चीत तुम्ही कधी बसताय?"

अध्यक्षांनी बाईंना सभ्यतेची आठवण करून दिली. हॅल्पिनसाहेबांना बाईंबद्दल नितांत आदर होता. तसं त्यांनी माईकवर सांगितलंही. अडवण्याचं कारण तेवढं सांगायचं राहून गेलं.

बाईंनी तिथेच नाव मागे घेतलं. टेडला वाईट वाटलं.

सोमवारी नातवाचा ताबा मागायला एक आजी कचेरीत आली. बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत मधे तोंड उघडलं नाही.