खांद्यावरच्या पट्टीचे काठ

कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. त्या वर्षांत गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत जायची, आणि बोंडअळीनं खाल्लेला पिवळट कापूस हातात घेऊन मी खालची ग्रेड बोललो, की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घरी आलो की जुन्या सैनिकांच्या खांद्यावरच्या, पलटणीचं नाव छापलेल्या कापडी पट्ट्या काढून बसायचो. तेवढाच जीव रमायचा.

एकदा मारेगावहून आत्या आली, तिच्या बापाची, म्हणजे माझ्या आजाची पट्टी घेऊन. तिथल्या विहारात गावातल्या जुन्या सैनिकांची नावं भिंतीवर लागणार होती. आजाचा फोटो नाही, कागद पुरात गेलेले. "त्यानं लढाई पाह्यलीच नाही, पट्टी बाजारातून आणली असंन," असं कमिटीतला एक जण बोलला होता. पट्ट्यांची पारख मला, तेव्हा आता सगळं माझ्या चिठ्ठीवर आलं. मी पडलो घरचाच, म्हणून पुरावा पक्का पाहिजे होता.

पट्टी हातात घेतली आणि डोकंच फिरलं. कडक इस्त्री केलेली, चारही काठ कापून नव्या दोऱ्यानं मशीनवर दुमडलेले!

"आत्या, हे काय करून ठेवलं?"

"काठाच्या दशा लोंबत होत्या, त्या कापल्या. मंग पावडरमधी भिजवून धुतली. विहारात न्यायची हाये, मळकी कशी नेऊ?"

मी कपाळाला हात लावला. महायुद्धाच्या घाईत भरतकाम सोडून अशा छापील पट्ट्या निघाल्या, इथपर्यंत ठीक. पण नकलाही छापीलच असतात. जुनं सुती कापड नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली विझल्यासारखं दिसतं, नवं चमकतं. साबणाच्या पावडरीनं धुतलं की तेही नव्यासारखं चमकतं. ती खूण गेली. दुसरी खूण काठाची. वर्दीवर शिवलेल्या पट्टीच्या काठाला सुईची भोकं राहतात. तेच काठ या बाईनं कापले!

"कायले कापले? मले विचारायचं तरी! आता काय लिहू मी? अंगावरची का बाजारातली, कसं सांगू? सत्यानाश केला आत्या, पार सत्यानाश!" मी बोलतच सुटलो. पुढ्यातला चहा थंड झाला. ती खाली मान घालून बसली होती.

दम लागून थांबलो, तेव्हा तिनं पदराची गाठ सोडली. आत चार चिंध्या. काठाला ओळीनं भोकं, एका भोकात खाकी दोऱ्याचा तुकडा, वर घामाचा पिवळा डाग. निळ्या दिव्याखाली धरल्या. चमकल्या नाहीत.

"फेकले नाही तू हे?"

"फेकू कसे? माह्या बापाच्या अंगावरचे होते."

"मंग इतक्या वेळ सांगितलं काहून नाही?"

"तू बोलू देशीन तवा ना!"

मला इतकी लाज वाटली, की वर बघवेना. कागद ओढला. 'लढाईच्या काळातली, अंगावर वापरलेली' एवढं लिहून सही केली, आणि सहीखाली लिहिलं, 'नातू'.