डावी बाजू मंजुळाची

घिवलीच्या चंद्रकांताबाई आणि त्यांची थोरली जाऊ मंजुळा, दोघींनी सव्वीस वर्षं बोईसरचा तो रस्ता बरोबरच ओलांडला. डोक्यावर मासळीची पाटी असली की मान वळवता येत नाही. वळवली तर पाटी कलते आणि बर्फाचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं. म्हणून दोघींनी बाजू वाटून घेतल्या होत्या. उजवीकडे चंद्रकांताबाईंनी बघायचं, डावीकडे मंजुळाने. दोघींनी ‘चल’ म्हटलं की मगच पाऊल उचलायचं.

पुढे रस्ता रुंद झाला, मधे गुडघ्याएवढा दुभाजक आला.

“आता कठड्यापातुर डावीकडून कोण येतंय? माजं अर्धं काम गेलं, चंद्रे,” मंजुळा हसली.

“तसंबी तुला कवा काय दिसत होतं?”

तेव्हापासून दुभाजकापर्यंत चंद्रकांताबाईंचं एकटं ‘चल’ पुरू लागलं. एका मंगळवारी उजवीकडे रस्ता मोकळा होता. चंद्रकांताबाई ‘चल’ म्हणाल्या. डावीकडून, उलट्या दिशेने, मोटारसायकल आली. मंजुळा वाचली नाही.

घरात कुणीही चंद्रकांताबाईंना बोल लावला नाही. “‘चल’ मीच बोलले,” एवढंच त्या म्हणत. पाटी पडवीत पालथी पडून राहिली.

रस्त्यावर पांढरे पट्टे आले, पण ते थेट दुभाजकाला जाऊन भिडत होते. मंजुळाच्या मुलीने, हिमानीने, काकींच्या सांगण्यावरून तिथला दुभाजक कापावा असा अर्ज लिहिला. पाहणीला साहेब आले.

“मावशी, पट्टे मारलेत की!”

“मारलेत ना. पाटी घेऊन हा कठडा चढून दाखवा, साहेब. बर्फ मी भरते.”

साहेबांनी दुभाजकाकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. दिवाळीनंतर तेवढा दुभाजक कापला गेला. दोन्ही अंगांना गतिरोधकही आले.

चंद्रकांताबाईंनी पुन्हा पाटी उचलली, त्या पहिल्या दिवशी हिमानी बरोबर आली आणि आपसूक डावीकडे उभी राहिली.

“चल, काकी.”

चंद्रकांताबाईंचं पाऊल उचलेना.

“तो शब्द नको गं. नुसता हात दाब.”

हिमानीने हात दाबला. तरीही चंद्रकांताबाई पाटीसकट अख्ख्या डावीकडे वळल्या. बर्फाचं पाणी खांद्यावरून ओघळलं. गाडी एकही नव्हती. त्या बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.