चार नंबरची खोली

नोव्हेंबर अजून सरला नव्हता आणि क्युपर्सचा हा सातवा फोन होता. नोटबुर्गाने पिठाचे हात एप्रनला पुसले, भिंतीवरच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान काढलं आणि खोडरबर हातात घेतलं. खोडून खोडून त्या पानाला भोक पडायची वेळ आली होती.

"बुर्गी, शनिवारऐवजी शुक्रवारी आलो तर?"

"शुक्रवारी रिकामी खोली कुठून आणू? इथे शनिवारी जुने जातात, शनिवारीच नवे येतात. सत्तावीस वर्षं येतोयस, ठाऊक नाही?"

"अगं, विचारलं फक्त. आणि नातवाला स्की शिकवायला तो टोनी नको, फार ओरडतो. कुत्र्याचं काय करू या?"

"त्यालाही स्की शिकायचंय का?"

क्युपर्स खो खो हसला. तिचा राग त्याला कधी राग वाटतच नसे, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येई.

ऑस्ट्रियातल्या टायरोलात हजार मीटर उंचीच्या वर अहो-जाहो चालत नाही. गाव चौदाशे मीटरवर, त्यामुळे ड्युसेलडॉर्फचा हा कारखानदार पहिल्याच संध्याकाळी 'तू' झाला आणि घरातलाच होऊन बसला. पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावाने त्याला चांदीचा बिल्ला दिला. तो लावूनच स्वारी नाश्त्याला येते.

त्याची खोली चार नंबरची, बाल्कनीची. खरं तर ती नोटबुर्गाच्या मुलीची, रोमानाची. पण हिवाळा लागला की गावातली सगळीच घरं पोरांना खाली हलवत. वर पाहुणे, खाली तळघरात बॉयलरशेजारी घरचे. रोमाना तिथे सोळा हिवाळे झोपली, मग शहरात गेली आणि हिवाळ्यात कधी परत आलीच नाही. नात फीना सहा वर्षांची झाली, पण आजीच्या डोंगरावर तिने अजून स्की पायात घातली नव्हती. नोटबुर्गाला ते पाहायचं होतं. दरवर्षी ती नवऱ्याला, विन्सेन्सला, म्हणे, "यंदा बोलावूच." आणि दरवर्षी पान आधीच भरलेलं असे.

मागच्या रविवारी रोमानाचा फोन आला होता. "आई, योनास आणि मी ठरवतोय की..." तेवढ्यात दुसरा फोन वाजला. "ठेवते गं, क्युपर्स असणार!" योनास हा रोमानाचा नवा जोडीदार, एवढंच तिला माहीत होतं. आडनाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

आज क्युपर्सला कसंबसं कटवून तिने पर्यटन कार्यालयाकडून आलेल्या चौकशा उघडल्या. एक राइंडल नावाची होती. दोन मोठी माणसं, सहा वर्षांची मुलगी, फेब्रुवारीच्या सुट्टीचा आठवडा, बाल्कनीची खोली मिळाली तर आनंद. वैतागलेल्या नोटबुर्गाने नेहमीचा मजकूर चिकटवला. 'आपल्याला कळवण्यास खेद होतो की त्या आठवड्यात जागा नाही. आम्ही जुन्या पाहुण्यांना प्राधान्य देतो. आपण कृपया दुसरीकडे पाहावे.'

तासाभरात रोमानाचा फोन.

"आई, मला 'आपण' म्हणालीस."

"मी? कधी?"

"राइंडल म्हणजे योनास. म्हणाला, तुझ्या आईला चकित करू. मी सांगितलं होतं त्याला, नको म्हणून."

नोटबुर्गा मटकन स्टुलावर बसली. सहा वर्षांची मुलगी वाचूनही डोक्यात प्रकाश पडला नाही! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला. आणि तोंडून निघालं काय, तर, "खाली बॉयलरजवळ गाद्या टाकते. ऊब असते तिथे."

"माहितीये मला किती ऊब असते ते. फीनाला मी तिथे नाही झोपवणार. ठेवते, आई." रोमाना चिडलीसुद्धा नव्हती, आणि तेच जास्त लागलं.

विन्सेन्स पेपरातून मान वर न करता म्हणाला, "क्युपर्सला नाही म्हण."

"तू म्हण की! सत्तावीस वर्षं येणारा माणूस!"

"मी का? तुलाच बुर्गी-बुर्गी करत असतो."

फोन वाजला. आठवा.

"बुर्गी, शनिवारच पक्का. पण कुत्रा..."

तिने खोडरबर चार नंबरच्या चौकोनावर टेकवलं. 'तू' म्हणून बोलायला गेली असती तर तो हसला असता, आणि तीही विरघळली असती. म्हणून तिने पाठ असलेला मजकूर धरला.

"क्युपर्स साहेब, आपल्याला कळवण्यास खेद होतो..."

या वेळी पलीकडून हसू आलं नाही. "बुर्गी? 'आपण' काय म्हणतेस मला? मी परका आहे का?"

नोटबुर्गा इतक्या जोरात खोडत होती की कागद फाटला.

"त्या आठवड्यात जागा नाही," ती म्हणाली. "आम्ही घरच्या माणसांना प्राधान्य देतो. आपण कृपया दुसरीकडे पाहावे."