तिसऱ्या पुकाऱ्याला आलेला आवाज

पुराव्याशिवाय मी बायकोचंही ऐकत नाही, असं आमच्या घरात म्हणतात. वकिलीत केस पिकलेला माणूस... भुताखेतांवर कसला विश्वास ठेवणार? पण हा आवाज मी एकट्याने नाही, भरल्या कोर्टाने ऐकला.

बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं कोर्ट. निजाम गेला, पण वकालतनामा, पुकारा हे शब्द मागेच राहिले. पुकारा म्हणजे शिपायाने व्हरांड्यात उभं राहून पक्षकाराला तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेलाही कुणी ओ दिली नाही, की माणूस गैरहजर आणि निकाल एकतर्फी.

दुष्काळाचं साल होतं. सिरसाळ्याकडचा दिगंबर माझा पक्षकार. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्याने थोरल्या भावावर, साहेबरावावर दावा लावलेला. दोघांचं बोलणं बंद. पुढे विहीरच आटली आणि साहेबराव ऊसतोडीला गेला, लांबच्या एका सहकारी कारखान्यावर. तो तारखेला येणार नाही, म्हणजे दावा आमच्या खिशात.

शिपायाने दोन हाका मारल्या. तिसरीला व्हरांड्यातून स्वच्छ उत्तर आलं — "हाय जी, हाजीर हाय."

"दादा आला!" म्हणत दिगंबर बाहेर धावला. बाहेर शिपायाशिवाय कुणी नव्हतं. तोही गोंधळून मागेपुढे बघत होता.

मी एकतर्फी हुकूम मागायला उठलो, तर दिगंबरने परत येऊन माझा कोट धरला. "न्हाई वकीलसाहेब. दादा आलता. त्याला गैरहजर लिहू नका."

न्यायाधीशांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

संध्याकाळी उसाच्या फडावरून निरोप आला. साहेबरावाला सकाळीच लकवा मारला होता... वाचा गेली होती.

दिगंबरने दावा काढून घेतला, भावाला घरी आणलं. आता तो त्याला स्वतःच्या हाताने भरवतो. साहेबरावाला सगळं कळतं, तो नुसता बघत राहतो. "भांडाया तरी दादा बोलाया पायजे होता," दिगंबर मला म्हणाला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी कोण बोललं, हे मला आजही सांगता येत नाही.

नंतर एकदा तो कोर्टात आला. तारीख नव्हती, दावाही नव्हता. शिपायाला म्हणाला, "दादाच्या नावाचा पुकारा करा की एकदा."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्याने हाक मारली, थांबला, पुन्हा मारली. तिसरी मारली आणि तोही मागेपुढे बघू लागला.

दिगंबर व्हरांड्याकडे कान लावून बराच वेळ उभा होता.