जाळीवरचा हात

नवरा गेल्यापासून मी दुबईत लोकांच्या घरी स्वयंपाक करते. ह्या उन्हाळ्यात मालकिणीच्या मुलींबरोबर खोर फक्कानला गेले. समुद्रावर, उघड्यावर आपल्या मराठी गाण्यांचा प्रोग्राम होता. मुली आत गेल्या, मी बाहेर कुंपणाच्या जाळीशी बसले. दिवस मावळला तरी वाळू भाजत होती.

बाजूला एक जण बसला होता, अंगात कंपनीचा शर्ट. तळवा जाळीवर दाबून धरलेला. माझं लुगडं बघून म्हणाला, "मावशी, आपल्याकडच्याच ना? मशीनवर कान गेले माझे. ढोल वाजला की जाळी हलते, तेवढं कळतं. गाणं कुठलं ते सांगा, मी ओठ वाचतो."

"मला गाण्यातलं काय कळतंय बाबा?"

"पहिले दोन शब्द सांगा. पुढचं मला पाठ आहे."

मी सांगत गेले. तो डोळे मिटून हळू म्हणायचा. पण त्याला खरं एकच गाणं हवं होतं, बायको भाकरी थापताना म्हणायची ते. ती वारली तेव्हा ह्याला सुट्टी मिळाली नाही. त्या गाण्याचे शब्द त्याने मला आधीच सांगून ठेवले होते.

ते गाणं काही झालं नाही. त्याचे डोळे मिटलेले असतानाच गाणारे स्टेजवरून खाली उतरले. जनरेटर चालू होता म्हणून जाळी मात्र थरथरत राहिली. त्याने डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आता कुठलं?"

मी त्याच्या बायकोच्या गाण्याचे पहिले दोन शब्द सांगितले.

त्याने डोळे मिटले आणि सबंध गाणं म्हटलं. मुली एकमेकींना व्हिडिओ दाखवत बाहेर आल्या, हाका मारायला लागल्या, "आंटी, यल्ला, चला ना." मी उठले नाही. त्याचं संपेपर्यंत बसले.