काटा लावलेले पान

प्रल्हाद गेला त्या सकाळी त्याच्या मुलीचा, सुजाताचा, फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा मी तो उचलला नाही. पडद्यावर तिचे नाव दिसत होते आणि ती काय सांगणार हेही मला कळले होते. फोन टेबलावर सरकत सरकत कडेपर्यंत आला, तरी मी खुर्चीतून हललो नाही. चौथ्यांदा उचलला. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी "निघतो" म्हणालो आणि ठेवला. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. ते तीन न उचललेले फोन मी कोणाला सांगितलेले नाहीत. ते सांगितल्याखेरीज प्रल्हादविषयी खरे काही लिहिता येणार नाही, म्हणून येथे सांगतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही धुळ्याला एका वसतिगृहाच्या एका खोलीत राहत होतो. तो यावलचा, केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या बापाचा मुलगा. मी शिरपूरकडच्या एका खेड्यातला. माझ्या तोंडी तेव्हा 'आहे'ऐवजी घरचे अहिराणी 'शे' अजून होते आणि तो त्यावरून मला छळत असे. मराठीच्या सरांचा शनिवारी कथेचा तास असे. आठवडाभरात एक कथा वाचायची आणि शनिवारी वही मिटून, उभे राहून, ती वाचताना आपल्याला काय झाले ते सांगायचे. कथेचा विषय, आशय, भाषाशैली यांपैकी काहीही नाही, फक्त आपल्याला काय झाले ते. या तासाची मला जी भीती वाटे, तशी परीक्षेचीही वाटली नाही. शुक्रवारपासून जेवण जात नसे. मी गाईडमधले दोन परिच्छेद पाठ करी आणि उभा राहून म्हणून दाखवी. सर ते शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "गाईड चांगले आहे. बसा." वर्ग हसे. माझे कान तापत.

"तू पोपट शेस, रघ्या," प्रल्हाद खोलीवर आल्यावर म्हणाला. "पोपटाला तरी मिरची मिळते."

"तुला काय होतं बोलायला? तुला भीती वाटत नाही."

"वाटते ना. तीच सांगतो."

मग त्याने त्याची रीत मला दाखवली. कथा वाचायला घेण्यापूर्वी तो तिचे शेवटचे पान मागच्या पानाला बाभळीच्या काट्याने टाचून टाकी. टाचणी नाही, टाचणीला गंज चढतो आणि ग्रंथालयाच्या पुस्तकावर डाग पडतो, हे त्याचे कारण. सुट्टीहून परतताना तो बांधावरचे काटे काडेपेटीत भरून आणी. काट्यापर्यंत वाचायचे आणि थांबायचे. आता पुढे काय होईल याची आपल्याला भीती वाटते, ते एका चिठ्ठीवर लिहायचे, वर नाव घालायचे आणि चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत ठेवायची. दोघांच्या चिठ्ठ्या झाल्या की समोरासमोर बसून काटा काढायचा. एकट्याने काढायचा नाही. आणि शेवट तिसऱ्याला सांगायचा नाही. ज्याला हवा त्याने स्वतः वाचावा. गाईडमध्ये कथेचा शेवट असतो, आपली भीती नसते, एवढेच त्याचे म्हणणे होते. आज ते साधे वाटते. त्या वेळी मला ते उघडे पडण्यासारखे वाटले. तरी काट्याशी थांबून वाचण्याची सवय मला त्याच सत्रात लागली आणि ती आजतागायत सुटलेली नाही.

एका शनिवारी जी कथा आली, तिच्यातल्या तरुणाला गावाहून बापाच्या आजारपणाचा निरोप येतो. तो रोज बसस्थानकावर जातो, बस सुटताना पाहतो आणि परत फिरतो. काटा तिथेच होता. सरांनी माझे नाव घेतले. पाठ केलेले काहीच जवळ नव्हते. मी म्हणालो, "सर, मला भीती वाटते, की तो जाणारच नाही. तो जात नाही तोवर बाप आजारीच असतो... मेलेला नसतो." वर्गात कोणी हसले नाही. "हे गाईडमध्ये नाही," ते म्हणाले. "बसा." मला बसता येईना.

खोलीवर येताच प्रल्हादने दार लोटले. "पेटी उघड."

"कशाला?"

"पत्र कधी आलंय?"

त्याला कसे कळले, हे मी कधी विचारले नाही. आठ दिवसांपूर्वी घरून आंतरदेशीय पत्र आले होते. आईला लिहिता येत नसे. पत्त्यावरचे अक्षर शेजारच्या मास्तरांचे होते आणि मास्तर केवळ खुशाली कळवायला पत्र लिहीत नसत. मी ते न फोडता कपड्यांच्या खाली ठेवले होते. आठ दिवस मी पेटीतून सदरा काढतानाही खाली पाहत नव्हतो. प्रल्हाद माझ्या समोर खाटेवर बसला. पुस्तकातला काटा त्याने उपसला आणि माझ्या हातात दिला. "मी बसलोय. फोड." मी त्या काट्याने पत्राची कड फाडली.

वडिलांना धुळ्याच्याच दवाखान्यात नेत आहोत, असे लिहिले होते. म्हणजे आठ दिवसांपासून ते इथेच होते. माझ्या वसतिगृहापासून चालत वीस मिनिटांवर.

आम्ही चालत नाही, धावत गेलो. आई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. पोहोचवायला आलेले मामा दुसऱ्याच दिवशी गावी परतले होते. ती रागावली नाही. "उना का रे भाऊ?" आलास का, असे तिने विचारले. "तुनं कॉलेज माले कोठे सापडी?" वडिलांनी मला ओळखले. त्यानंतर ते पाच दिवस होते. प्रल्हाद रोज डबा घेऊन येई आणि दाराशी उभा राही. आत ये म्हटले तर म्हणे, "आहे मी इथं." आठ दिवस मी घालवले आणि पाच त्याने मिळवून दिले. याबद्दल आमच्यात पुढे एक शब्दही झाला नाही.

नव्वदच्या दशकात तो जळगावला शिक्षक झाला, तिथेच पिंप्राळ्यात घर केले. मी पाटबंधारे खात्यात धुळ्यालाच राहिलो. रीत मात्र चालू राहिली. दिवाळी अंकातली एखादी कथा तो काटा लावून एसटीने येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवी. मी चिठ्ठी लिहून पिंप्राळ्याला जाई. त्याच्या टेबलाशी बसून आम्ही काटा काढत असू. काढलेले काटे तो एका पितळी वाटीत टाकी. माझ्या चिठ्ठ्या वाचून त्याचे शेरे चालत. "साठी उलटली, तरी तुझ्या चिठ्ठीत प्रत्येक जण मरतोच का रे?"

गेल्या हिवाळ्यात त्याच्या आजाराचे नाव कळले. मी भेटायला गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मनगटे काडीसारखी झाली होती. त्याने उशीखालून एक अंक काढला. काटा लावलेला होता. "इथंच वाच. पंधरा मिनिटांची गोष्ट आहे."

"साडेचारची बस आहे," मी म्हणालो.

धुळ्याची बस दर अर्ध्या तासाला असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. "ने मग," तो म्हणाला. "पण एकटा काढू नकोस." घरी येऊन मी तो अंक खणात ठेवला. खण पुन्हा उघडला नाही. वाचली असती तर काटा काढायला परत जावे लागले असते, आणि ते मनगट पुन्हा पाहावे लागले असते. त्याचे दोन फोन आले. "वाचलीस?" "वाचतो." त्यानंतरचे फोन सुजाताचे होते.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, आदल्या दिवशी मी खण उघडला आणि काट्यापर्यंत वाचले. तापीकाठी एक माणूस उभा आहे. पलीकडून नाव येते आहे. नावेत कोण आहे, ते अजून दिसत नाही. मुखपृष्ठाच्या आत प्रल्हादची चिठ्ठी होती. तिच्यावर त्याचे नाव होते आणि खाली काही नव्हते.

कार्यक्रम आटोपल्यावर त्याच्या खोलीत मी ती चिठ्ठी सुजातापुढे ठेवली. "दोनदा लिहायला बसले होते," ती म्हणाली. "मग म्हणाले, रघ्या आला की लिहीन."

तेव्हा मला कळले. त्याला मी नुसती ती कथा वाचायला नको होतो. ती चिठ्ठी लिहिताना त्याला समोर कोणीतरी बसायला हवे होते... मी पत्र फोडत असताना तो बसला होता, तसे.

मी अंक उचलून निघणार होतो. सुजाताने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "काका, मी आहे. तुमची चिठ्ठी?"

"नावेत कोणी नसेल," मी म्हणालो. "मला ती भीती वाटते."

"मला वाटतं, असेल." तिने वडिलांच्या कोऱ्या चिठ्ठीवर, त्यांच्या नावाखाली, पेन्सिलने ते लिहिले. मग तिने अंक माझ्याकडे सरकवला. काटा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा निघाला. आम्ही दोघांनी ते पान वाचले.

शेवट तिसऱ्याला सांगायचा नाही, हा नियम मी पाळतो. काटा टेबलावरच्या पितळी वाटीत टाकला. वाटी जवळजवळ भरलेली आहे. साडेचार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले आणि बसून राहिलो.